परभणीला सांगायचं नाही

काका, पेन्सिलच्या बाबतीत तुम्ही चुकलात.

आता माझ्याकडे पुस्तक आहे, पान सापडलंय, बोट ठेवून दाखवायला ओळ आहे. आणि दाखवायचं कुणाला? मंगळवारी दुपारी जेवून तुम्ही आरामखुर्चीत टेकलात ते उठलाच नाहीत. भांडण अर्धं टाकून असं कुणी जातं का? तुम्ही तर चहासुद्धा अर्धा टाकणारे नव्हतात. एक दिवस सोडून. त्या दिवसाचं पुढं सांगते.

उद्या तुमचं तेरावं. काकू म्हणाल्या, "तू चार शब्द लिहून आण, आपण वाचून घेऊ कुणाकडून." मी म्हटलं, "काकू, मी आठवीतून शाळा सोडलेली. मला काय लिहिता येतंय?" तर म्हणतात, "ह्यांच्याशी भांडायचीस ना, तसं लिही." म्हणून हे भांडण समजा. जन्म कुठला, नोकरी किती झाली, बदल्या कुठं कुठं झाल्या, ते बाकीचे सांगतीलच. मला तुमच्याशी हिशोबाचं बोलायचंय, तेही शब्दांच्या.

पहिल्या दिवसापासून तुम्ही मला वैताग दिलात. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली, मी त्यांच्यामागं घोलवडला आले. गाव सोळा-सतरा तास मागं राहिलेलं. इथली माती वेगळी, हवा चिकट, चिकूच्या वाड्यांत दुपारी पण अंधारल्यासारखं. बाया मराठीत बोलायला सुरुवात करायच्या आणि मधेच गुजरातीत शिरायच्या, परत बाहेर यायच्या. मी नुसती मान हलवायची. शेडमध्ये चिकू पुसायचे, लहान-मोठे वेगळे करायचे, पेटीत भरायचे, एवढंच काम, पण पहिल्या दिवशी माझे हात असे कापत होते की दोन चिकू खाली पडले. तेवढ्यात तुम्ही दारात. पांढरा सदरा, कानामागं पेन्सिल, काखेत पत्रा.

"ही नवी कोण? कुठलं स्टेशन?"

मला वाटलं, तिकीट विचारताय. मी म्हटलं, "परभणी."

"परभणी? अगं मग जंक्शन आहे की! जंक्शनची बाई आणि घाबरते?"

बाया हसल्या. मला रडू आलं होतं, ते तुम्हाला दिसलं असणार, कारण तुम्ही लगेच एका बाईला म्हणालात, "ए बोर्डी रोड, हिला पाणी दे." तेव्हा कळलं की तुम्ही माणसांना नावानं बोलवतच नाही. सगळी हयात पार्सल ऑफिसात गेली, पेटी कुठून आली आणि कुठं जायची एवढंच बघितलेलं. माणसांचंही तसंच. स्वतःच्या बायकोला वाणगाव म्हणायचात. शेडच्या शेठला भावनगर. माझं गाव परभणीपासून किती आत आहे हे मी तुम्हाला शंभरदा सांगितलं. तुमचं आपलं तेच, "आत असू दे, बुकिंग परभणीलाच होणार."

माझं खरं नाव तुम्हाला माहीत होतं का, काका? हेही विचारायचं राहिलं.

तुमचं काम मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते जादूसारखं वाटलं होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही आधीच डोक्यावर चढून बसला होतात. पत्र्यावर पेन्सिलीनं अक्षरं काढायची, खाली लाकडी ठोकळा, बारीक छिन्नी आणि हातोडीनं अक्षरं कोरून काढायची, कानशीनं कडा घासायच्या. मग तो पत्रा पेटीवर ठेवून वरून काळ्या शाईचा कुंचला फिरवला की नाव उमटलं. एका पत्र्यावर हजारो पेट्या. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून तुम्ही आसपासच्या शेडना असे पत्रे कापून देत होतात आणि वर शिकवायची हौस. मला म्हणालात, "हात कापतो ना तुझा? मग छिन्नी धर. छिन्नीला काम असलं की हात थांबतो."

थांबला नाही. माझा पहिला पत्रा आठवतो का? विसरला असाल तर बरं, पण तुम्ही कसले विसरताय. मी एकटीनं, तुम्हाला न विचारता 'घोलवड' कापलं. शाळेत बाईंनी घोटून घेतलेलं, शिरोरेघ सरळ आणि अखंड पाहिजे. मी ती अखंड कापली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका सुतात. इतका आनंद झाला होता मला. पत्रा उचलला आणि चारी अक्षरं जिभा बाहेर काढल्यासारखी लोंबायला लागली. वरती धरायला काही राहिलंच नव्हतं. 'व'च्या पोटातला गोल तर टुणकन खाली पडला. तरी मी हट्टानं शाई फिरवली. पेटीवर एक काळा पट्टा आणि खाली चार डाग.

तुम्ही किती हसलात! "परभणी, तू घोलवडला फासावर चढवलंस!"

मग हसू पुसून सांगितलंत की पत्र्यातली शिरोरेघ तोडायचीच असते. प्रत्येक अक्षरावर थोडी कापायची, मधे पत्रा सोडायचा. गोलाला दोन बारीक पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे पोट गळत नाही. "शाळेतलं अक्षर कागदावर बसतं. हे अक्षर पत्र्याला धरून राहायला पाहिजे." तुम्ही पट्ट्या जरा जास्तच जाड ठेवायचात, अक्षर तुटकं दिसायचं, त्यावरूनही मी वाद घातला. पेटीवरच्या त्या काळ्या पट्ट्यावरून तेव्हापासून शेडमध्ये मी 'काळी रेघवाली'. शेठ अजून म्हणतात.

पण खरा वैताग तुमच्या शब्दांचा. लग्नसराईत भेटीच्या पेट्यांना गुंडाळायला चमचमत्या पट्टीचं रीळ आलं होतं. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं, टिन्सेल. तुम्हाला विचारलं, हे काय? साधं उत्तर द्यायचं, चमकी. झालं. पण नाही.

"परभणी, तुझ्या हातात तो पत्रा आहे ना, स्टेन्सिल? त्याची ही सख्खी बहीण."

"पत्र्याची बहीण चमकी?"

"हो. दोघींची आई एकच. सिंटिला. लॅटिन शब्द आहे. म्हणजे ठिणगी."

मी म्हटलं, सिंटिलाचं स्टेन्सिल कसं होईल, अक्षरं तरी जुळतात का? तर म्हणालात, "तुझा नवरा नुकसानला नुसकान म्हणतो की नाही? तुमच्याकडे मतलबचं मतबल होतं की नाही? तसंच. लोकांच्या तोंडात सिंटिलाचं स्टिंसिला झालं. मग ते फ्रान्सात गेलं, तिथं कपड्यावर ठिणग्यांसारख्या टिकल्या उठवायच्या, ताऱ्यांनी भरल्यासारखं कापड करायचं, त्याला तो शब्द लागला. तिथून इंग्रजीत आलं. एक बहीण चमकी झाली, दुसरी पत्रा." वर आणखी, "आणि मूळ सिंटिला पण इंग्रजीत आहेच. तारे लुकलुकतात त्याला शास्त्रज्ञ त्याच घरातला शब्द वापरतात. आणि कोर्टात वकील म्हणतात, सिंटिलाएवढाही पुरावा नाही. म्हणजे तीळभर सुद्धा नाही."

तिथं माझं डोकं फिरलं. ठिणगी म्हणजे तीळभर? आमच्या वाड्यामागं कडब्याची गंज होती, काका. कुणीतरी बिडी ओढून टाकली, एक ठिणगी. वर्षाचा चारा गेला. जनावरं विकली, आई-वडील ऊसतोडीला गेले, धाकट्या भावंडांना सांभाळायला मी घरी राहिले. आठवीचं वर्ष होतं, ते तिथंच संपलं. मी तुम्हाला म्हटलं, "त्या इंग्रजांना म्हणावं, आमच्या गावात या आणि ठिणगी किती असते ते बघा."

तुम्ही पत्रा घासत बसलात. दुसऱ्या दिवशी आलात आणि कुणी विचारलं नसताना म्हणालात, "तारे स्वतः लुकलुकत नाहीत, परभणी. ते आपले एका जागी असतात. मधली हवा थरथरते, म्हणून आपल्याला तसं दिसतं." मी म्हटलं, "मग?" तुम्ही म्हणालात, "मग काही नाही. सांगून ठेवलं."

असे होतात तुम्ही. सांत्वन करायचं तर नीट करावं ना माणसानं! त्याचा अर्थ लावत मी दोन दिवस चिकू पुसले.

त्यानंतर ठिणगीचं वेडच लागलं तुम्हाला. जो शब्द दिसेल तो त्या घरात ढकलायचा. आणि एक दिवस चहा पिताना कानामागची पेन्सिल काढलीत, माझ्यासमोर नाचवलीत. "ही पण त्यातलीच. स्टेन्सिल, टिन्सेल, पेन्सिल. तिघी बहिणी."

"कशावरून?"

"ऐकायला येत नाही का? शेवट बघ."

"शेवट जुळला म्हणून बहीण? मग तुमचं वाणगाव आणि आमच्या बाजूचं मानवत, शेवटी काहीतरी जुळवून त्यांना पण बहिणी करा. शिसं काळं कुळकुळीत, त्याचा ठिणगीशी काय संबंध?"

"परभणी, तुला काय कळतं?"

हे तुम्ही सहज म्हणालात. रोज म्हणायचात. पण त्या दिवशी ते मला लागलं. शाळा सुटली त्या जागी लागलं. आणि मी सगळ्या बायांदेखत म्हटलं, "तुम्ही सगळं मनानंच जोडता, काका. ठिणगी, तारे, फ्रान्स, सगळं. आम्हाला इंग्रजी वाचता येत नाही ना, म्हणून काहीही सांगता."

बोर्डी रोड हसायची थांबली. तुम्ही कप खाली ठेवलात. त्यात चहा अर्धा होता. पेन्सिल परत कानामागं लावलीत आणि निघून गेलात.

बारा दिवस तुम्ही शेडवर आला नाहीत. बारा दिवस मी तुमच्या घराकडे गेले नाही. वाट तुमच्या फाटकावरूनच जाते, मी मान खाली घालून जायची. दोनदा थांबले. एकदा तुम्ही अंगणात दिसलात, पाठमोरे, पेरूच्या झाडाला शिव्या देत. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आधी तुम्ही बोलाल. तुम्ही मोठे ना? मोठ्यांनी आधी बोलायचं असतं! आणि मंगळवारी तुम्ही गेलात.

मला एवढंच सांगा, रागात गेलात का? तुम्ही जाऊन बारा दिवस झाले, दुसरं काही सुचत नाही मला. भाजी चिरताना तेच, पेटी भरताना तेच.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. त्यांना विचारलं, "काका माझ्याबद्दल काही बोलले होते का?" मला वाटलं, त्या म्हणतील, आठवण काढत होते. काकू खरं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "नाही गं. ह्यांचं आपलं पेपर, पेरूचं झाड आणि ते पुस्तक. दोन दिवस तर पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. जेवायला चार हाका."

"कुठले दोन दिवस?"

"आता ते कसं सांगू? पुस्तक तर ते आयुष्यभर बघतायत. मी त्याला फक्त फडकं मारलंय."

मग त्यांनी तुमची पेटी माझ्यापुढं ठेवली. छिन्न्या, हातोडी, कानस, आणि ते जाडजूड इंग्रजी पुस्तक, ज्यात शब्द कुठून आला ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. "हे तू ने. शेडच्या कामाला लागेल. पुस्तक पण ने, मला उशाला सुद्धा नको."

काका, मी ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं. इतकी वर्षं मी विचारायची, तुम्ही सांगायचात. मला भीती वाटायची, उघडलं आणि काही कळलंच नाही तर? त्या दिवशी काकूंच्या ओट्यावर बसून उघडलं. एक-एक अक्षर जुळवत स्टेन्सिल शोधला. खरं निघालं. टिन्सेल शोधला. खरं निघालं. सिंटिला, तीही तिथं होती. मला इतकी लाज वाटली की पुस्तक बंद करणार होते. पण पेन्सिल राहिली होती ना.

पेन्सिलच्या पानात एक चिठ्ठी होती. पार्सलच्या जुन्या फॉर्मच्या पाठीमागं, तुमचं ते तुटक्या रेघेचं अक्षर. तुम्ही कागदावर पण शिरोरेघ तोडूनच लिहायचात. लिहिलं होतं:

'पेन्सिल. लॅटिन. लहान शेपटी, त्यावरून कुंचला. ठिणगीशी संबंध नाही. परभणीला सांगायचं नाही.'

मी तीनदा वाचलं. मग काकूंना वाचून दाखवलं. काकू पदर तोंडावर घेऊन हसायला लागल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते मला कळलंच नाही. म्हणाल्या, "तसलंच माणूस ते. हरायचं नाही म्हणजे नाही."

आता तुम्हीच सांगा, मी याचं काय करू? चिठ्ठीवर तारीख नाही. उभी जिंदगी पार्सलच्या पावत्यांवर तारखा टाकल्यात, नेमकी इथं टाकली नाहीत! भांडणाच्या आधीच तुम्हाला माहीत होतं का, आणि मुद्दाम मला डिवचत होतात, मी स्वतः पुस्तक उघडावं म्हणून? की भांडण झाल्यावर घरी येऊन बघितलंत, चूक कळली, आणि तोंड लपवून बसलात? पहिलं असेल तर तुम्ही लबाड. दुसरं असेल तर तुम्ही माझ्यासारखेच. मी फाटकाच्या बाहेर मान खाली घालून, तुम्ही आत, आणि दोघंही म्हणत होतो, आधी समोरच्यानं बोलावं. मला ठरवता येत नाही. पण एवढं कळलं की 'परभणीला सांगायचं नाही' असं लिहिणारा माणूस रागावलेला नसतो. तेवढ्यावर मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले.

आणि ऐका, तुम्ही पूर्ण हरलाही नाहीत. पेन्सिल म्हणजे मुळात कुंचला. आणि स्टेन्सिलवर फिरवतात काय? कुंचलाच. बहीण नसेल, पण सोयरीक तर आहे. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, "तेच तर मी म्हणत होतो!" म्हणून बरं झालं, नाही सांगितलं.

पाचव्या दिवशी शेठ म्हणाले, "बघ बेन, काका तर गेले. नव्या पेट्यांना नवा पत्रा लागेल, तो आपण वापीला मशीनवर कापून घेऊ. एकदम चोख निघेल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी कापते."

"तू? काळी रेघवाली तूच ना?"

"मीच."

शेठनी माझ्या हाताकडे बघितलं. तो कापतच होता. म्हणाले, "बाराव्याच्या सकाळपर्यंत दे. जमलं तर पेट्यांवर नाव टाकायचं काम कायमचं तुझं. नाही जमलं तर मशीन. मग रडायचं नाही."

सात दिवस, काका. तुमच्या पेटीतल्या छिन्नीला तुमच्या बोटांचा खळगा पडलाय, माझी बोटं त्यात बसेनात. मी पत्र्यावर पेन्सिलीनं अक्षरं काढली, पुसली, काढली. चुकलं तर तुमच्या हाताचं काम वापीला जाणार, माझ्यामुळं. नवरा म्हणाला, "एवढं काय त्यात, पत्राच तर आहे." त्याला काय सांगू! शिरोरेघ तोडली. प्रत्येक अक्षरावर थोडी, मधे पत्रा सोडला. 'व'च्या गोलाला दोन पट्ट्या ठेवल्या आणि तुम्ही ठेवायचात तेवढ्या जाड ठेवल्या. आता मला ते तुटकं अक्षर कुरूप वाटत नाही, पण हे तुम्हाला कळता कामा नये.

आज सकाळी कडा घासून झाल्यावर पत्रा घेऊन मी शेडबाहेर उन्हात आले. तुम्ही तसंच करायचात. नवा पत्रा उन्हात धरायचात आणि खाली बघत उभे राहायचात. मला वाटायचं, कडा तपासताय. एवढा वेळ काय तपासतात, म्हणून मी आतून ओरडायची, "काका, पेट्या खोळंबल्यात!" आज मी पत्रा धरला आणि खाली बघितलं. सिमेंटच्या ओट्यावर, सावलीच्या मधोमध, उन्हाची अक्षरं पडली होती. घोलवड. पांढरी, लख्ख. आणि माझा हात कापत होता, काका, नेहमीसारखा, त्यामुळं ती सगळी अक्षरं लुकलुकत होती.

पत्र्याला ठिणगीचं नाव का दिलं, ते मला पुस्तकातून पाठ झालं होतं. कळलं आज. तुम्ही इतकी वर्षं तेच बघत उभे राहायचात आणि एक शब्द बोलला नाहीत. फ्रान्सच्या गोष्टी सांगितल्यात, आणि "परभणी, बाहेर येऊन जमिनीकडे बघ," एवढं सांगायला जीभ रेटली नाही! काय म्हणावं तुम्हाला?

मी हात स्थिर करायला गेले नाही. तारे एका जागी असतात, तुम्ही सांगून ठेवलं होतंत.

मग शेठ आले. त्यांनी स्वतः पत्रा पेटीवर दाबून धरला, मी कुंचला फिरवला. पत्रा उचलला. एकही अक्षर लोंबलं नाही, गोल पडला नाही. शेठनी पेटी उलटीपालटी करून बघितली, म्हणाले, "काकांसारखंच तुटकं तुटकं आलं," आणि बायांना ओरडून सांगितलं, "चला, भरा पेट्या. वापी कॅन्सल."

बोर्डी रोडनं मला कपभर चहा आणून दिला. सगळा प्यायले.

तुमचं पुस्तक आता माझ्याकडे आहे. चिठ्ठी त्याच पानात ठेवली आहे, काढणार नाही. तुम्ही मला पत्र्याचं काम दिलंत, शब्द दिलेत, आणि या परमुलखात मला माझ्या स्टेशनाच्या नावानं हाक मारलीत, म्हणून मी इथं टिकले. हे ऐकायला तुम्ही बसला असतात तर मी बोललेच नसते, हेही खरं.

पण पेन्सिल नाही, काका. नाही म्हणजे नाही.

तुमची,
परभणी